बारा लाल गोळ्या: रेणू जोडायच्या खोक्याविषयी

आधी सांगते, मी शिक्षिका नाही. सांगलीत विश्रामबागला माझी खानावळ आहे. साठेक डबे बाहेर जातात आणि रात्री वीस-पंचवीस पोरं बसून जेवतात, बहुतेक इंजिनिअरिंगची. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीतच सुटला, पुढे कॉमर्स केलं. तरीही हा खोका विकत घेतला, दोन महिने वापरला, आणि त्यातलं निम्मं सामान आता माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी राहतं. म्हणून लिहितेय.

आमचा धाकटा दहावीत आहे, सेमी इंग्लिशला. विज्ञानाच्या पहिल्या भागात तिसरा धडा ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’. चाचणीत त्या धड्यावर सहा मार्कांचं आलं होतं, त्यातले दोन मिळाले. पेपर बघितला. प्रोपेन जळतो त्याचं समीकरण संतुलित करायचं होतं. डाव्या बाजूला ऑक्सिजन जास्त झाला म्हणून या पठ्ठ्याने उजवीकडे पाण्यातल्या ‘ओ’च्या पायाशी गुपचूप एक दोन लिहून टाकला. एच टू ओ चं एच टू ओ टू. बेरीज जुळली. बाईंनी लाल फुली मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘हे पाणी नाही.’

त्याला विचारलं तर म्हणाला, “आई, आकडे तर जुळले ना?” आता याला काय सांगायचं? मला तेव्हा एवढंच आठवलं की एच टू ओ टू म्हणजे जखमेवर ओतलं की फसफसतं ते, मेडिकलमधून आणतो ते. ते प्यायला देशील का कुणाला, म्हटलं. तो हसला, पण पटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी पुण्याला गेले. खरेदीच्या गडबडीत अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला थांबलो, आणि मागच्या बोळात एक शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणारं दुकान दिसलं. काचेची नळकांडी, तिपाया, चुंबकं, सगळं छतापर्यंत. दुकानदार वयस्कर. मी अडचण सांगितली तेव्हा त्यांनी पुस्तक नाही काढलं, हा खोका काढला. “दहावीसाठी कुणी घेत नाही हो हे, अकरावी-बारावीवाले नेतात. पण तुमच्या मुलाला हेच लागणार.” किंमत सांगितली साडेचारशे. मी घासाघीस केली. त्यांनी पन्नास कमी केले आणि वर म्हणाले, “ताई, गोळ्या घरी जाऊन मोजा. कमी भरल्या तर फोन करा, पाठवून देतो.” दुकानाला माझ्याकडून पूर्ण मार्क.

खोक्यात काय आहे: काळ्या गोळ्या दहा, पांढऱ्या वीस, लाल बारा, निळ्या चार, हिरव्या चार, पिवळ्या दोन. काळी म्हणजे कार्बन, पांढरी हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. जोडायला आखूड कडक दांड्या तीस आणि लांब वाकणाऱ्या दांड्या पंधरा. खरी गंमत गोळ्यांच्या भोकांत आहे. काळीला चार भोकं, लालला दोन, पांढरीला एक. संयुजा म्हणजे काय हे मला तीस वर्षांपूर्वी पाठ होतं. समजलं यंदा, भोकात दांडी खुपसताना. पांढरीला एकच भोक, म्हणजे ती एकाशीच हात मिळवणार. लालच्या दोन्ही भोकांतून लांब दांड्या वाकवून दुसऱ्या लालला जोडल्या की झाला ऑक्सिजनचा रेणू, द्विबंधासकट.

हे रंग या कंपनीने मनाने लावलेले नाहीत, हेही कळलं. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यान देताना क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून त्यांचे रेणू जोडून दाखवले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल तेव्हापासूनच. दीडशेच्या वर वर्षं झाली, रंग तेच.

पहिल्या रात्री डबे धुऊन झाल्यावर ओट्यावरच बसलो. आधी पाण्याचा वाद मिटवायचा होता. मी त्याला आमचेच डबे दाखवले. एका डब्यात तीन पोळ्या, एक भाजी, हा ठरलेला डबा. महिन्याचे पैसे त्याचे. मेसवर पोळ्या जास्त झाल्या म्हणून मी एखाद्याच्या डब्यात चौथी पोळी कोंबली, तर तो आपला डबा राहत नाही, दुसऱ्याच दराचा होतो. हिशोब जुळवायचा तर डबे वाढवायचे किंवा कमी करायचे. डब्याच्या आत हात घालायचा नाही. पायाशी असतो तो आकडा म्हणजे डब्यातल्या पोळ्या, पुढे असतो तो आकडा म्हणजे डबे किती. मग त्याने पाण्याचा रेणू जोडला, एक लाल दोन पांढऱ्या, आणि त्यात आणखी एक लाल घालून बघ म्हटलं. घालायला जागाच नाही! एक पांढरी उपटून मध्ये लाल बसवावी लागली. “मग हे वेगळंच झालं,” तो म्हणाला. तेच तर बाईंनी लिहिलं होतं.

मिथेन पाच मिनिटांत झाला. एक काळी, चार पांढऱ्या, दोन ऑक्सिजन, एक कार्बन डायऑक्साइड, दोन पाणी. प्रोपेनला मात्र वेळ लागला, आणि तिथेच या खोक्याची किंमत वसूल झाली. वहीत हा मुलगा काय करायचा, तर आधी ऑक्सिजनपुढे काहीतरी आकडा टाकायचा आणि मग बाकीचं त्याच्यामागे ओढत न्यायचा. गोळ्यांनी उलटं शिकवलं. प्रोपेन जोडला, तीन काळ्या, आठ पांढऱ्या. आता तो मोडायचा. प्रत्येक काळीला दोन लाल हव्यात, तीन काळ्या म्हणजे सहा लाल. पांढऱ्या दोन-दोनच्या जोडीला एक लाल, आठ पांढऱ्या म्हणजे चार लाल. दहा लाल झाल्या. ऑक्सिजन येतो जोडीने, म्हणजे पाच जोड्या. सी थ्री एच एट अधिक पाच ओ टू, बाण, तीन सी ओ टू अधिक चार एच टू ओ. आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. पुस्तकात हा क्रम असतो, क्लासमध्ये पण सांगतात. पण शेवटी का, हे हाताला कळलं: ऑक्सिजन एकटाच येतो, त्याच्याबरोबर कुणी नाही, म्हणून त्याची संख्या बदलली तर बाकी कुणाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे सगळे डबे भरून झाल्यावर शेवटी लोणचं वाढतात, तसं.

आता तक्रारी. खोक्याबरोबर बारा पानांची पुस्तिका येते, फक्त इंग्रजीत. तेही चाललं असतं, पण तिच्यात ज्वलनाच्या पानावर चूक आहे. इथेन एक, ऑक्सिजन तीन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड दोन, पाणी तीन, असं छापलंय. आम्ही इमानेइतबारे जोडायला घेतलं. दोन काळ्यांना चार लाल, सहा पांढऱ्यांना तीन लाल, सात झाल्या. तीन ऑक्सिजनमध्ये लाल सहाच. पोरगा म्हणतो, आई, तू एक हरवलीस. सोफ्याखाली शोधलं, डब्यांत शोधलं. नंतर कळलं, हरवली नाही, पुस्तिकेतच कमी आहे. माझा संशय असा की छापणाऱ्याने इथेनॉलचं समीकरण इथेनला चिकटवलंय. इथेनॉलमध्ये एक ऑक्सिजन आधीपासून असतो, तो धरला की बाहेरून तीनच जोड्या लागतात आणि सगळं बरोबर बसतं. (परीक्षेत इथेनॉल आलं की पोरं नेमकी ती आतली लाल गोळी वजा करायला विसरतात. लक्षात ठेवा.)

इथेनच्या त्या चुकीने एक चांगलं झालं. सात लाल म्हणजे साडेतीन जोड्या. अर्धी जोडी येत नाही, म्हणून सगळंच दुप्पट करायचं: दोन इथेन, सात ऑक्सिजन, चार कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी. धाकट्याने मग वहीत मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन ओळीने लिहिले आणि म्हणाला, “एक सोडून एक दुप्पट करावं लागतंय.” कार्बन डायऑक्साइडला लाल नेहमी सम लागणार, त्यामुळे भानगड फक्त पाण्याची. पाणी सम आलं तर सरळ, विषम आलं तर दुप्पट. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी त्याला दुसऱ्यांदा श्रीखंड दिलं.

दुसऱ्या रात्री ब्यूटेन काढला. माझ्या सिलिंडरमध्ये असतात ते हेच, प्रोपेन आणि ब्यूटेन, त्यामुळे मलाच जास्त उत्सुकता. चार काळ्या, दहा पांढऱ्या. लाल लागणार आठ आणि पाच, तेरा. खोक्यात बारा. एक कमी! दुप्पट करायचं तर सव्वीस लागतात, ते तर सोडाच, एका ब्यूटेनलाही पुरत नाहीत. घराघरांत जो गॅस जळतो तोच खोक्यात जळत नाही, याला काय म्हणावं? खोका बनवणाऱ्यांनी वीस पांढऱ्या दिल्यात, म्हणजे बरोबर दोन ब्यूटेनच्या. निळ्या चार आणि हिरव्या चार आम्हाला दोन महिन्यांत एकदाही लागल्या नाहीत. त्याऐवजी लाल द्यायला काय झालं होतं?

मी चिडून खोका बंद करणार होते. पण पोरगा म्हणाला, “असू दे, बारांत काय होतंय ते बघू.” सहा जोड्या मांडल्या. पांढऱ्यांनी आधी पाच लाल नेल्या, पाच पाणी झालं. उरल्या सात. तीन काळ्यांना दोन-दोन मिळाल्या, आणि चौथ्या काळीच्या वाट्याला एकच. ती एक लाल जोडून ओट्यावर ठेवली. काळीची दोन भोकं रिकामी, उघडी. “हे काय झालं?” मी विचारलं. तो पुस्तकात बघून म्हणाला, “कार्बन मोनॉक्साइड. विषारी असतो.”

मी त्या गोळीकडे बघतच बसले. कारण त्याच आठवड्यात माझी मोठी शेगडी पिवळी जळत होती. पातेल्यांच्या बुडाला काजळी, घासून घासून बायकांचे हात दुखले. मिस्त्रीला बोलावलं होतं, तो वाकून बघून म्हणाला होता, “वैनी, गॅस बराबर हाय, त्याला हवा मिळंना झालीय.” बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलं होतं. त्याने ते काढलं, जेटमध्ये पिन फिरवली, हवेची चकती थोडी उघडली, आणि ज्योत निळी झाली. तेव्हा मी दोनशे रुपये देऊन मोकळी झाले होते. आता ओट्यावर तेच दिसत होतं. लाल गोळी एक कमी पडली तर मोनॉक्साइड, आणखी कमी पडल्या तर काळी गोळी एकटीच उरणार, म्हणजे काजळी. पिवळी ज्योत दिसते ती त्या न जळलेल्या कार्बनचे कण तापून चमकतात म्हणून. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावू नका असं सगळे सांगतात, त्याचं कारणही ही दोन भोकं उघडी असलेली काळी गोळीच. मी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराची मागची खिडकी, जी मांजरामुळे बंद ठेवायचे, तिला जाळी लावून उघडी केली.

इथे एक खुलासा. मेसमधल्या मेकॅनिकलच्या मुलाला मी तो मोनॉक्साइड कौतुकाने दाखवला तर तो म्हणाला, काकू, खरं तर तिथे तीन बंध असतात, या गोळ्यांत ते दाखवताच येत नाहीत. लालला दोनच भोकं, कुठून येणार तिसरा. तेव्हा खोका सगळंच खरं सांगतो असं नाही. आणि खरी शेगडी इतकी शिस्तीत वाटपही करत नसणार, पांढऱ्यांना आधी आणि काळ्यांना नंतर. मोजणी शिकायला मात्र चालतं.

त्याच मुलाने मला वजनाचं गणित घालून दिलं, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हायड्रोजनच्या एका अणूचं वजन १ धरलं तर एक ब्यूटेन म्हणजे ५८, त्याला लागणारा ऑक्सिजन २०८. निघणारा कार्बन डायऑक्साइड १७६ आणि पाणी ९०. दोन्हीकडे २६६. आता माझा व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा. सगळा ब्यूटेनच धरला तर तो हवेतून ६८ किलो ऑक्सिजन ओढतो आणि जाताना सुमारे ५८ किलो कार्बन डायऑक्साइड व साडेएकोणतीस किलो पाणी सोडून जातो. साडेएकोणतीस लिटर पाणी! माझा एक सिलिंडर चार दिवस जातो. म्हणजे चार दिवसांत दोन कळशांहून जास्त पाणी या स्वयंपाकघरात वाफ होऊन हिंडतं आणि मला पत्ता नाही. पत्ता नाही असंही नाही म्हणा. थंडीत गार पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं की पहिला मिनिटभर बाहेरून बुडाला घाम फुटतो, थेंब बर्नरवर पडून चुर्र होतात. वीस वर्षं मी समजत होते की पातेलं नीट पुसलं नाही. कामाच्या बाईला बोललेसुद्धा आहे त्यावरून. ते पाणी गॅसचं होतं. तिला सांगितलं, ती म्हणाली, “मी तवाच म्हनलं होतं, मी पुसलेलं हाय.”

वजनाच्या बाबतीत मात्र खोका फसवतो. आम्ही धान्य मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी प्रोपेन आणि ऑक्सिजन ठेवले, मग मोडून जोडलेलं. वजन जुळेना. दांड्या! एकूण दांड्या आधी आणि नंतर सारख्याच, पण आखूड किती आणि लांब किती हे बदलतं. दांड्या काढून नुसत्या गोळ्या तोलल्या तेव्हा ग्रॅमला ग्रॅम बसलं. पण लाल गोळी आणि पांढरी गोळी काट्यावर जवळपास सारखीच भरते, आणि प्रत्यक्षात ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळापट जड. लहान मुलाचा यातून गैरसमज होऊ शकतो. आमच्या घोड्याचा झाला नाही, कारण त्याला वजनापेक्षा दांड्या ताणून गोळी उडवण्यात रस होता. त्या नादात लांब दांडी एक तुटली, तिसऱ्याच दिवशी. आता चौदा. प्लास्टिक बरं आहे, फार चांगलं नाही. पांढऱ्या गोळ्यांची भोकं सैल होत चाललीत.

चारशे रुपये नसतील किंवा द्यायचे नसतील तर? आम्ही लाल गोळ्या कमी पडल्यावर राजमा घेतला. मग वाटलं, सगळंच डब्यातून का नको. काळे उडीद कार्बन, साबुदाणा हायड्रोजन, राजमा ऑक्सिजन. ताटात खडूने मध्ये रेघ मारायची आणि दोन्हीकडे मोजायचं. ब्यूटेनची सव्वीस लागली तरी फिकीर नाही, पाव किलो राजम्यात आख्खा दहावीचा वर्ग बसेल. संतुलनापुरतं बोलायचं तर हे खोक्याइतकंच काम करतं. फक्त राजम्याला भोकं नसतात, त्यामुळे पाण्यात दुसरा राजमा कोंबला तर तो काही अडवत नाही. ज्या मुलाची चूक आकडेमोडीची आहे त्याला धान्य पुरे. ज्याची चूक आमच्यासारखी, पायाच्या आकड्यात हात घालायची, त्याला खोकाच घ्या.

सहामाहीला त्या धड्यावर पाचपैकी पाच पडले. एक मार्क मी खोक्याला दिला नसता, कारण प्रश्न मिथेनचा होता, आणि तो तर पाठ असतो सगळ्यांना.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा पुस्तिकेसाठी कापला, एक लाल गोळ्यांसाठी.

परवा दुकानाला फोन केला. त्यांच्याकडून पुणेरी पद्धतीने खडसावून घ्यायची माझी तयारी होती, की मोजून बारा दिल्यात हे खोक्यावर लिहिलंय, वाचता येत नाही का. पण ते म्हणाले, सुट्या मिळतात, सहा रुपयाला एक. चौदा मागवल्या, कुरियरचे साठ वेगळे. फोन ठेवला आणि धाकट्याने विचारलं, “दांड्या मागवल्यास का?” दोन ब्यूटेनचे आठ कार्बन डायऑक्साइड जोडायचे तर लांब दांड्या बत्तीस लागतात. आहेत चौदा.